तारांकित रकाना

ल्हाकडोनबाई दरवर्षी दिवाळी उलटली की येतात,
स्टेडियमच्या कुंपणाला दोरी बांधून स्वेटर टांगायच्या आधी
आमच्या खोलीत. परकीय नागरिक शाखा, सातारा.
एक टेबल, त्यामागं मी,
रिटायरमेंटला चौदा महिने.

आजवर कागदी फॉर्म होता. रकाना नऊ:
भारतात कोठून व कोणत्या मार्गाने प्रवेश केला.
मी लिहायचो 'नेपाळमार्गे', ठसठशीत.
साहेब सही करायचे, चहा यायचा.
यंदा पोर्टल आलंय.
नऊच्या पुढं लाल चांदणी, खाली तीनच पर्याय:
विमानतळ. बंदर. तपासणी नाका.
एक निवडल्याशिवाय दहावा रकाना उघडत नाही.

"यातलं काय?" मी विचारलं.
त्यांनी चष्मा पुसला, वाचलं.
'घ्या की वो' म्हणायला शिकल्यात बावीस हिवाळ्यांत,
आता आमच्याहून आमच्यासारखं बोलतात.
"रात्र आहे का यात?" म्हणाल्या.
"अकरा रात्री चाललो. दिवसा बर्फात पुरून घेऊन झोपायचो,
मामा काठीनं वर भोक ठेवायचा, श्वासाला.
मी सात वर्षांची.
डाव्या पायाची दोन बोटं तिकडंच."

बोटांना रकाना नाही.
'शरणार्थी' शब्द शोधला. अख्ख्या पोर्टलवर नाही.
परकीय आहे, पर्यटक आहे.
'इतर' आहे, पण फिकट, दाबलं जात नाही.

कायदा वाईट नाही हो. तो एवढंच म्हणतो
की पळून येण्याआधी रीतसर परवानगी घ्यावी.
ती ज्याच्याकडं मागायची
त्याच्याच भीतीनं माणूस पळत असतो,
हे कुठल्या परिपत्रकात कुणी लिहायचं?

मला ही नोकरी प्रकल्पग्रस्त दाखल्यावर लागली.
कोयनेचं पाणी वांजुळशेतात शिरलं तेव्हा
मी नव्हतो. दादा होते, म्हणजे वडील, विशीतले.
सरकारनं मार्ग दिला होता, खोटं का बोला:
ट्रकचा नंबर, तारीख, पुढच्या गावातला प्लॉट.
पाणी चार दिवस आधी आलं.
त्याला तारीख कळवायची राहिली असणार.
दादा म्हशीचं शेपूट धरून कारवीतून चढ चढले,
पाठीवर जात्याची वरची तळी. खालची राहिली.
रेकॉर्डला आजही आहे, मी स्वतः काढून पाहिलंय:
'शासकीय वाहनाने सुखरूप स्थलांतरित.'
खाली कुणाची तरी सही,
ठसठशीत.

मग काय करणार, 'तपासणी नाका' दाबला.
पोर्टल म्हणालं, नाक्याचं नाव.
बाईंनी एका खिंडीचं नाव सांगितलं.
टाईप करताना तीनदा चुकलं, चौथ्यांदा बरोबर आलं,
तर यादीत नाही.
उगाच, रागानं म्हणा, मी 'पोवई नाका' टाकून बघितलं.
तोही यादीत नव्हता.
बाई हसल्या. मीही.
तेवढ्यात सत्र संपलं, सगळं पुसलं गेलं,
पुन्हा पहिल्यापासून: नाव, वडिलांचं नाव.

साहेब जेवून येईपर्यंत 'अपूर्ण' म्हणून ठेवलंय.
नियमानं अपूर्ण अर्जदारानं गाव सोडायचं नाही.
आणि नियमानंच
अपूर्ण अर्जदारानं गावात राहायचं नाही.

निघताना पायरीवर थांबल्या.
भाच्याचा टेम्पो गेल्या साली नाक्याखालच्या बोगद्यात चुकला,
वर निघाला तो भलत्याच रस्त्याला, कोल्हापूरच्या तोंडाला.
स्टेडियमला कुठनं शिरायचं?
म्हटलं, डावं धरा. भिंतीवर बाण रंगवलेत.
"बाण," त्या म्हणाल्या, जरा वेळानं,
"रात्री दिसतात?"
चमकणारा रंग आहे, म्हटलं.
उजेड पडला की चमकतो,
गाडी कुणाची का असेना.